पेंढ्याची एक काडी

दिवाळीच्या फराळाच्या ताटात हा केकचा तुकडा कुठून आला, असे वाचकांना वाटेल. लाडू, चकली, अनरसे यांच्या पंगतीत नाताळावरचा लेख वाढणे औचित्याला धरून नाही, हे मला कळते. औचित्यविचार तर मी दरवर्षी वर्गात शिकवतो. पण दिवाळी अंकाचा लेख लिहायला बसावे लागते ऐन पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात माणसाला मागल्या हिवाळ्याची आठवण होते, त्याला इलाज नाही. शिवाय वसईच्या बाजूला ही दोन ताटे इतकी दूर नाहीतच. तिकडे आकाशकंदील उतरतो न उतरतो तोच नाताळाची चांदणी वर चढते. बांबूच्या कामट्या त्याच, चिकटवायची खळ तीच, आणि कित्येकदा कारागीरही तोच.

डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात मला एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. वसईकडच्या एका मराठी शाळेत ती शिक्षिका आहे. शाळा चर्चची, मुले मात्र सगळ्यांची.

"सर, आमच्या सहावीच्या मुलांनी नाताळाचं नाटक लिहिलंय. त्याचं मराठी एकदा बघून द्याल?"

प्राध्यापकाला यापेक्षा गोड आमंत्रण दुसरे नाही. कोणाच्या घरी जेवायला बोलावले तर आम्ही सबबी सांगू. पण कोणाचे मराठी तपासायला बोलावले तर पहिल्या गाडीने निघू. तिसऱ्या आठवड्यात एक मोकळा दिवस पाहिला, खिशाला लाल शाईचे पेन लावले आणि वसई रोडला उतरलो.

स्टेशनाजवळची वसई आता मुंबईच्या कोणत्याही उपनगरासारखी झाली आहे. पण बस पश्चिमेला समुद्राकडे वळली की हळूहळू केळीच्या, फुलांच्या, पानवेलींच्या वाड्या दिसू लागतात. या वाड्यांतल्या केळ्यांची सुकेळी आपल्या आजोबांच्या पिढीने चवीने खाल्ली आहेत. १५३४ साली हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी तो परत घेतला, हे आपण शाळेत पाठ केले. दोनशे वर्षांत तिथे राहणाऱ्या माणसांचे काय झाले, हे मात्र आपल्याला कोणी पाठ करायला लावले नाही. ती माणसे ख्रिस्ती झाली, आडनावे डिसोझा, लोपीस, परेरा अशी झाली. पण घरात जी बोली चालत होती तीच चालत राहिली. सामवेदी बोली तिथले ब्राह्मणही बोलतात आणि ख्रिस्तीही बोलतात. त्या ख्रिस्ती समाजाला कुपारी म्हणतात; पोर्तुगीजांच्या 'कॉम्पाद्रे' या शब्दापासून हे नाव आले असे सांगतात. दोन्ही घरांत देव वेगळा, आणि देवाला हाक मारायची भाषा एक. 'नाताळ' हा शब्दही पोर्तुगीजच. त्याचा अर्थ जन्म. पाव, बटाटा, चावी, पगार हे त्याच गलबतातून उतरलेले त्याचे सोबती. पगारावाचून मराठी मध्यमवर्गाचे कसे चालले असते, कोण जाणे!

आणि याच वसईच्या मातीतले एक धर्मगुरू, फादर फ्रान्सिस दिब्रिटो, २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. २०२४ च्या जुलैत ते गेले. मी गेलो तो नाताळ त्यांच्यानंतरचा पहिलाच. वर्गातल्या टेबलावर त्यांचा तो जाडजूड ग्रंथ होता, आणि मुलांच्या हाताळण्याने त्याचे कोपरे मऊ झाले होते. पुस्तकाला याहून मोठा पुरस्कार मला माहीत नाही.

वर्ग नेहमीसारखाच होता. बेचाळीस मुले, तीन पंखे, त्यांतला एक बंद. एका कोपऱ्यात मात्र केळी पाठवायचे एक लाकडी खोके ठेवलेले होते. वरून उघडे, आत थोडा भाताचा पेंढा. शेजारी एका थाळीत चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. दोन जांभळ्या आणि गुलाबी जळून आखूड झाल्या होत्या. चौथी अजून कोरी होती. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. दर आठवड्याला एक मेणबत्ती वाढते, आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, कारण त्या दिवशी वाट पाहणाऱ्याने जरा हसायला हरकत नाही. माझ्या मनात आले, आपल्याकडे वसुबारसेपासून रोज एक दिवा वाढतो, त्याच्याच कुळातली ही चाल.

"आणि हे खोकं?" मी विचारले.

"गव्हाण," पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला. "रिकामी आहे. बाळ अजून यायचंय."

त्या खोक्याचा नियम असा. रोज प्रत्येकाने एखादे चांगले काम करायचे, आणि केले असेल तर सकाळी येताना पेंढ्याची एक काडी गव्हाणीत टाकायची. काम कोणते, कोणासाठी, हे कोणालाही सांगायचे नाही. टीचरलाही नाही, आईलाही नाही. सांगितले की काडी बाद. नाताळाच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी बाळाची मूर्ती त्या पेंढ्यावर ठेवायची. काड्या कमी पडल्या तर बाळाला खालची फळी टोचणार, एवढाच दंड. कॅथलिक शाळांतून ही चाल पुष्कळ ठिकाणी आहे. इथे विशेष इतकेच की पेंढा खरा होता. एका मुलाच्या आजोबांच्या शेतातला. वर्गातल्या किती घरी अजून भात लावतात असे मी विचारले, तेव्हा पाच हात वर झाले. बाकीच्यांच्या शेतांत इमारती उगवल्या आहेत.

एका चिरंजीवांनी पहिल्याच आठवड्यात मूठभर काड्या एकदम टाकल्या होत्या म्हणे. टीचरने पाहिले आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तो गव्हाणीतून काड्या काढत होता. किती काढल्या आणि किती ठेवल्या, हे त्याचे त्याला ठाऊक.

सांताक्लॉज वर्गात कुठेच नव्हता. मला बरे वाटले, आणि खरे सांगायचे तर थोडे चुकल्यासारखेही वाटले. मुलांनीच खुलासा केला. लाल डगल्याचा तो म्हातारा दुकानदारांनी वाढवला. मूळचे संत निकोलस चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्ने हुंड्यावाचून अडली होती, तेव्हा त्यांनी रात्री गुपचूप पैशांच्या थैल्या त्या घरात टाकल्या, अशी कथा आहे. "गुपचूप, सर," मुलगी म्हणाली. "म्हणून काडी गुपचूप." हुंड्याची रक्कम देऊन लग्न लावणारा संत आजच्या समाजसुधारकांना कितपत पसंत पडेल, ही शंका मी पोटातच ठेवली.

गव्हाण मांडायची प्रथा कोणी रूढ केली, हेही त्यांना पाठ होते. १२२३ सालच्या नाताळात असिसीचे संत फ्रान्सिस इटलीतल्या ग्रेच्चो या डोंगराळ गावी गेले आणि एका गुहेत खरी गव्हाण, खरा चारा, खरा बैल आणि खरे गाढव उभे करून त्यांनी तिथे मिस्सा करवली. मूर्ती वगैरे काही नाही. गावकऱ्यांना लॅटिन कळत नव्हते. चारा कळत होता. त्या गोष्टीला २०२३ साली आठशे वर्षे पूर्ण झाली. वसईच्या गावागावांत आता जे सुंदर गोठे मांडतात, कारंजी सोडतात, दिव्यांच्या माळा फिरवतात, त्यांचा मूळपुरुष हा. त्यांतले काही गोठे पाहून मात्र बाळाला तिथे झोप कशी लागत असेल, असा प्रश्न मला पडला आहे.

मग नाटक सुरू झाले, आणि मी पेनाचे टोपण काढले.

पहिल्या प्रवेशात योसेफ आणि मरिया नाझरेथहून शिरगणतीसाठी बेथलेहेमला येतात. वाट शंभर किलोमीटरांहून जास्त, मरियेचे दिवस भरलेले. योसेफ दार ठोठावतो. मराठी बायबलात इथे 'उतारशाळा' असा सुरेख शब्द आहे. मुलांच्या संहितेत होते, "लॉजमध्ये जागा नाही." मी लॉजवर लाल रेघ ओढली आणि उतारशाळा म्हणजे काय ते समजावून सांगितले, धर्मशाळा, सराई यांतला फरकही सांगितला. ग्रीक जाणणारे अभ्यासक तर म्हणतात की लूकने वापरलेल्या शब्दाचा अर्थ घरातली पाहुण्यांची खोली असाही होतो, आणि शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी त्याने तोच शब्द वापरला आहे. म्हणजे दार लावून घेणारा तो निर्दय लॉजवाला कदाचित नव्हताच. असेल एखादे नातेवाइकांचे घर, पाहुण्यांनी भरलेले, आणि घरच्यांनी आतल्या बाजूला, जनावरांपाशी, कशीबशी जागा करून दिली असेल. लूकच्या शुभवर्तमानात गोठ्याचा उल्लेखच नाही. आहे ती फक्त गव्हाण. एवढी विद्वत्ता ऐकल्यावर लॉजवाला झालेला मुलगा हिरमुसला. "मग मी काय बोलू?" त्याच्या सगळ्या नाटकात तेवढे एकच वाक्य होते.

"लॉजच राहू दे," टीचर हळूच म्हणाली. मी रेघेवर रेघ ओढून लॉज परत आणला.

दुसऱ्या प्रवेशात मेंढपाळ आले, आणि इथे मी खरा अडलो. देवदूत पाठ्यपुस्तकातले मराठी बोलत होता. मेंढपाळ मात्र घरची सामवेदी बोलत होते, तीही अशी भरधाव की मला निम्मी कळली नाही. वर्ग खिदळत होता, मेंढपाळ रंगात आले होते. मी हात वर करून नाटक थांबवले. पालक येणार, फादर येणार, शहरातले पाहुणे येणार. नाटकाची भाषा प्रमाण हवी, असे मी म्हणालो. मुलांनी टीचरकडे पाहिले. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली.

शिक्षकांच्या खोलीत चहा आला. ती म्हणाली, "सर, एक विचारू? स्टीफन्स तुम्हीच शिकवलात ना?"

फादर थॉमस स्टीफन्स हा आम्हा मराठीच्या मास्तरांचा हुकमाचा पत्ता. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला, इथली भाषा शिकला आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' त्याने रचले. ते १६१६ साली साष्टीतल्या रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. त्यातली मराठीची स्तुती आमच्यापैकी प्रत्येकजण मराठी दिनाला म्हणून दाखवतो, आणि ती म्हणताना आमचा आवाज आपोआप चढतो. परदेशी माणसाने केलेले कौतुक आपल्याला अंमळ जास्तच गोड लागते.

"स्तुती झाली की आपण थांबतो," ती म्हणाली. "पण तुम्ही एम.ए.ला पुढचंही सांगितलं होतंत. त्यांनी म्हटलंय की जुन्या कवींचे अवघड शब्द मी टाकले आणि इथल्या लोकांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले, ऐकणाऱ्याला कळावं म्हणून. तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतंत, सर."

लिहिले होते. परीक्षेत त्यावर पाच गुणांचा प्रश्नही विचारला होता.

"आमच्या आजीच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची," ती पुढे म्हणाली. "लाल लुगडं नेसून सगळ्या जायच्या, गुडघे टेकायच्या, एक अक्षर कळायचं नाही. व्हॅटिकन परिषद झाली बासष्ट ते पासष्ट, त्यानंतर मराठी आली. आजी म्हणायची, त्या दिवशी देव पहिल्यांदा ओटीवर येऊन बसला. आता माझी मुलं म्हणतात, मेंढपाळ घरचेच आहेत तर त्यांनी पाहुण्यांसारखं का बोलायचं?"

मी म्हटले, बरे, मेंढपाळांपुरते राहू द्या. पण ते मी एखाद्या जहागिरीचा तुकडा तोडून द्यावा तशा थाटात म्हटले, हे आता कबूल करतो.

मधल्या सुट्टीनंतर तालीम पुन्हा सुरू झाली. मरिया झालेल्या मुलीने बाहुली हातात घेतली. केस सोनेरी, डोळे उघडमीट करणारे. बाहुलीचा एक पाय धरून तिने ती गव्हाणीतल्या पेंढ्यावर ठेवली. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून कोणीतरी काहीतरी बोलले आणि वर्ग फस्सकन हसला.

बोलणारी मुलगी बाकाच्या कडेला बसली होती. गणवेश नवा आणि एक माप मोठा होता. ती वीटभट्टीवरची. जव्हार-मोखाड्याकडची वारली, कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वसई-भिवंडीच्या भट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडाशी परत जातात. मुले बरोबर येतात, मग गावची शाळा सुटते आणि इथली मिळत नाही. शाळेतल्या एका सिस्टर भट्टीवर जाऊन सहा मुलांना घेऊन आल्या होत्या. त्यांतली ही एक. तीन आठवड्यांत ती वर्गात बोलली नव्हती. आज बोलली ती तिच्या वारलीत. आणि मघापर्यंत आपली बोली मिरवणारी, माझ्या प्रमाण भाषेशी झगडणारी तीच मुले तिच्या बोलीला हसली.

मी टीचरकडे पाहिले. आता ती रागावणार असे मला वाटले. ती रागावली नाही. शेवटच्या बाकापर्यंत गेली, खाली वाकली आणि म्हणाली, "काय म्हणालीस? आम्हाला नीट ऐकू आलं नाही. परत सांग."

मुलीने मान खाली घातली. टीचर तशीच वाकून उभी राहिली. किती वेळ गेला कोणास ठाऊक. पण वर्गातली चुळबुळ थांबेपर्यंत गेला. मग मुलगी पुन्हा बोलली, अगदी हळू. पेंढा टोचतो, असे ती म्हणत होती. नुसत्या पेंढ्यावर बाळ ठेवत नाहीत.

"मग कसं ठेवतात?"

मुलगी उठली. गव्हाणीपाशी आली. बाहुली तिने बाजूला काढली, डोक्याखाली हात घालून. पेंढा उपसून हाताने चुरगाळून मऊ केला, मधे खळगा केला. मग इकडेतिकडे पाहिले. मरियेच्या खांद्यावर तिच्या आजीची जुनी सुती ओढणी होती. तिची घडी करून तिने पेंढ्यावर अंथरली. दुसरी मेंढपाळाच्या डोक्याची होती. ती घेऊन तिने बाहुलीचे हात अंगाशी धरले, एक टोक खालून वर घेतले, दुसरे आडवे घट्ट फिरवले आणि शेवट मानेपाशी खोचला. हे सगळे अर्ध्या मिनिटात. तिच्या घरी महिन्याचा भाऊ आहे, हे मला नंतर कळले. भट्टीवरच्या कच्च्या विटा रचून केलेल्या, वाकून आत शिरायच्या खोपटात तो जन्मला. आई विटा थापायला जाते तेव्हा त्याला हीच गुंडाळते.

"बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं, असं लूकने लिहिलंय," टीचर वर्गाला म्हणाली. "वाचलं आपण दहा वेळा. गुंडाळतात कसं, ते आज कळलं." आणि तिने फळ्यावर 'पेंढा' लिहिले, त्याच्याखाली आपल्या घरातला शब्द लिहिला, आणि त्याच्याखाली, मुलीला विचारून विचारून, तिचा. तिन्ही शब्द एकाच मापाच्या अक्षरांत.

मी खिडकीशी उभा होतो. वर्गातले पुढचे मला नीट आठवत नाही, कारण मला दुसराच एक वर्ग दिसत होता.

२०१० सालची गोष्ट. मी नुकता कायम झालो होतो आणि शुद्ध मराठीचा सगळा भार माझ्या खांद्यावर आहे अशी माझी समजूत होती. प्रथम वर्षाच्या वर्गात मी एका मुलीला कवितेवर चार वाक्ये बोलायला सांगितली. वसईकडची मुलगी, बोलताना घरची रूपे येत होती. मी तिला प्रत्येक शब्दाला थांबवले. तिसऱ्या वेळी तिची नक्कल करून दाखवली. वर्ग हसला. आणि मीही हसलो. ती खाली बसली, ती वर्षभर माझ्या तासाला बोलली नाही. पुढे एम.ए.ला तिने आपल्या समाजातल्या लग्नगीतांवर प्रबंध लिहिला, मीच मार्गदर्शक होतो, प्रबंध उत्तम झाला. पण त्या दिवसाविषयी आम्ही दोघे कधी बोललो नाही. मला वाटे, ती विसरली असेल. आपल्याला अडचणीच्या गोष्टी दुसरे विसरले असतील असे मानण्याची आपली शक्ती दांडगी असते.

तालीम आटोपत आली तेव्हा एक नवा प्रश्न निघाला. मुलांनी ठरवले की ही मुलगी नाटकात हवीच. मेंढपाळांबरोबर येऊन बाळाला गुंडाळणारी बाई ती. माझ्यातला परीक्षक लगेच जागा झाला. "पण लूकच्या शुभवर्तमानात अशी कोणी बाई नाही," मी म्हणालो. "तिथे मरियाच बाळाला गुंडाळते."

"सर, शुभवर्तमानात बैल आणि गाढवही नाहीत," गाढव झालेला मुलगा म्हणाला. "टीचरनेच सांगितलंय. ते यशयाच्या पुस्तकातून आलेत. आणि राजे तीन, असं मत्तयने कुठे लिहिलंय? देणग्या तीन होत्या, म्हणून लोकांनी माणसं तीन केली."

गाढवाने मला वादात हरवले. मी होकार दिला. मुलगी मात्र अजून तयार नव्हती; बोलणार नाही, नुसती गुंडाळीन, म्हणाली. म्हणाली म्हणजे टीचरच्या कानात सांगितले. टीचरने ते संहितेत लिहून घेतले: ती येते, बोलत नाही, बाळाला गुंडाळते.

निघताना पहिल्या बाकावरच्या मुलाने मला पेंढ्याची एक काडी आणून दिली. पाहुण्यांनाही टाकता येते म्हणे. नियम तोच, काम सांगायचे नाही. बेचाळीस जोडी डोळे माझ्याकडे लागले होते. मी त्या दिवशीचे, आदल्या दिवशीचे, आठवड्याचे काम आठवू लागलो. लाल शाईचे पेन खिशात होते. मी म्हटले, "आज नको, राहू दे माझ्याजवळ." मुलाने समजूतदारपणे मान हलवली. काड्या परत काढून घेणारा मुलगा कोणता, ते मी विचारले नव्हते. तो हाच असावा असे मला तेव्हा वाटले.

ती बसथांब्यापर्यंत पोचवायला आली. रस्त्याकडेच्या एका घरासमोर चांदणीला कागद लावायचे काम चालले होते. आतून करंज्या तळल्याचा वास येत होता. डिसेंबरात करंजी! मी बोलायचे ते मनात जुळवत होतो. आयुष्यभर लोकांची वाक्यरचना तपासली, आणि तेव्हा एक वाक्य धड जमेना.

"प्रथम वर्षाला असताना," मी म्हणालो, "एकदा वर्गात मी तुला..."

"आठवतं, सर," ती म्हणाली.

मी थांबलो. तीही थांबली. मग तिने माझ्या हातातली संहितेची पिशवी घेतली, आत पाहिले आणि म्हणाली, "काडी अशी ठेवाल तर मोडेल. वहीत घाला." आणि तिने ती स्वतःच वहीच्या पानांत नीट सरकवली. बस आली.

नाटकाला मला जाता आले नाही. त्या दिवशी आमच्या परीक्षांची पर्यवेक्षणाची पाळी होती. संध्याकाळी तिने फोनवर एक छायाचित्र पाठवले. गव्हाण काठोकाठ भरलेली, आणि सोनेरी केसांच्या बाहुलीचे केस घट्ट गुंडाळलेल्या फडक्याखाली पार झाकलेले. भट्टीवरच्या मुलीचे फक्त हात आले होते चित्रात.

संहिता मी त्याआधीच टपालाने परत केली होती. सबंध वाचली, दोनदा. मेंढपाळांच्या बोलीला हात लावला नाही, लॉजही तसाच ठेवला. एका ठिकाणी 'आणि' दीर्घ लिहिले होते, तेवढी एक वेलांटी मात्र लाल शाईने दुरुस्त केली. काडी पाकिटात घालायची राहून गेली. ती माझ्या टेबलावर 'ख्रिस्तपुराणा'च्या प्रतीत आहे, आणि आता पुन्हा डिसेंबर जवळ येतो आहे.